रेडिओसाठी पैसे भरावेत का? मुंबईतल्या श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या माळ्यावर वर्ल्डस्पेस या बंद पडलेल्या सॅटेलाइट रेडिओचा जुना डबा अजून पडून असतो. कुणाचा मुलगा न्यू जर्सीहून गाडीतल्या शेकडो चॅनेलांचं कौतुक फोनवर सांगतो. आणि मग प्रश्न येतो: आपल्याकडे पैसे भरून चांगला रेडिओ मिळतो का, आणि मिळत असेल तर घ्यावा का? ओळखीतल्या, शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सॅटेलाइट रेडिओ म्हणजे नक्की काय?

एफएमचा मनोरा शहरात असतो आणि त्याचा आवाज साधारण पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत नीट पोचतो. मुंबईहून पुण्याला निघालात की घाटाच्या आसपास मुंबईची स्टेशनं विरत जातात, ती त्यामुळेच. सॅटेलाइट रेडिओत हा मनोरा आकाशात, विषुववृत्ताच्या वर साधारण ३६ हजार किलोमीटरवर असतो. तिथून एकच चॅनेल अर्ध्या खंडात सारख्याच स्पष्टपणे ऐकू येतं. ऐकायला वेगळा संच लागतो, त्याला आकाश दिसेल असा अँटेना लागतो, आणि बहुतेक चॅनेलं वर्गणी भरल्याशिवाय उघडत नाहीत.

मोबाइलवर अ‍ॅपमधून ऐकतो तो हा रेडिओ नव्हे. तो इंटरनेटवरून येतो. लोक दोन्हींना सरसकट ‘ऑनलाइन रेडिओ’ म्हणतात आणि तिथेच निम्मा गोंधळ होतो.

आज मुंबईत पैसे भरून सॅटेलाइट रेडिओ मिळतो का?

नाही. वर्ल्डस्पेस ही भारतातली एकमेव सेवा होती. ती ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली आणि त्यानंतर कुणीही तशी सेवा सुरू केलेली नाही. कुणी तुम्हाला ‘सॅटेलाइट रेडिओचं कनेक्शन’ विकत असेल, तर एक तर तो डीटीएचबद्दल बोलत असतो किंवा इंटरनेट रेडिओबद्दल. तिसरी शक्यता फसवणुकीची आहे. पैसे देण्याआधी एवढंच विचारा: याला इंटरनेट लागतं का, आणि टीव्हीची छत्री लागते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथून सरळ निघा.

वर्ल्डस्पेसचं नेमकं काय झालं?

हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पैसे भरावेत की नाही याचं बरंचसं उत्तर या गोष्टीत आहे.

मूळचे इथिओपियाचे नोआ समारा यांनी १९९० मध्ये अमेरिकेत ही कंपनी सुरू केली. आफ्रिका आणि आशियातल्या ज्या भागांत रेडिओचे मनोरे पोचत नाहीत, तिथे आकाशातून माहिती आणि शिक्षण पोचवायचं, ही मूळ कल्पना. ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘आफ्रिस्टार’ आणि मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’ हे उपग्रह गेले. भारत एशियास्टारच्या टापूत येत होता. गंमत म्हणजे ज्या गरीब, दुर्गम श्रोत्यासाठी हे सगळं उभं केलं, त्याला तो संच परवडणारा नव्हता. ग्राहक मिळाले ते बंगळुरू, चेन्नई, मुंबई, पुणे अशा शहरांतले, आणि तेही मुख्यत्वे संगीतासाठी. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचं ‘गांधर्व’, कर्नाटक संगीताचं ‘श्रुती’, जुन्या हिंदी गाण्यांचं ‘फरिश्ता’ ही चॅनेलं लोकांनी अक्षरशः घरातल्या माणसासारखी धरून ठेवली होती. ए. आर. रहमान या सेवेचे प्रचारदूत होते.

मग पैसा कुठे अडला? उपग्रहाचा खर्च एकदाच, पण डोंगराएवढा असतो. तो भरून निघायला लाखो ग्राहक सतत यावे लागतात. घरात एका जागी ठेवायच्या संचावर तेवढे ग्राहक येत नाहीत. गाडीत सेवा द्यायची तर उड्डाणपुलांखाली आणि उंच इमारतींच्या सावलीत सिग्नल टिकवण्यासाठी जमिनीवर पूरक प्रक्षेपक उभारावे लागतात. त्याची परवानगी भारतात शेवटपर्यंत मिळाली नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २००५ मध्ये सॅटेलाइट रेडिओविषयी शिफारशी केल्या होत्या, पण त्यातून या सेवेला आधार देईल असं धोरण वेळेत उभं राहिलं नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी भारतातले आवाज थांबले. पुढच्या काळाची वर्गणी आगाऊ भरून बसलेल्या लोकांना फार मनस्ताप झाला.

माझं मत स्पष्ट आहे. त्या सेवेतला संगीताचा भाग उत्तम होता आणि त्यासाठी पैसे भरणारे लोक चुकले नव्हते. अनेक वर्षांची वर्गणी एकदम भरायला लावणारी पद्धत मात्र तेव्हाही श्रोत्याच्या हिताची नव्हती, आजही नाही.

माझ्याकडचा जुना संच पुन्हा चालू होईल का?

होणार नाही. सेवाच बंद झाली आहे, त्यामुळे त्याला ऐकायला काही उरलेलं नाही. दुरुस्ती करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. काही संचांच्या मागे बाहेरून आवाज जोडायची सोय आहे. तशी असेल तर फोन जोडून स्पीकर म्हणून वापरता येतो. नसेल तर भंगारवाल्याला देण्यापेक्षा ई-कचऱ्यात द्या.

त्या काळी मुंबईत वर्गणी वसूल होत होती का?

ते तुमची खिडकी कुठल्या दिशेला आहे यावर अवलंबून होतं, आणि हे मी शब्दशः सांगतोय.

एशियास्टार १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. मुंबई साधारण ७३ अंशांवर. म्हणजे मुंबईतून तो उपग्रह आग्नेयेपेक्षा थोडा पूर्वेकडे कललेला आणि क्षितिजापासून साधारण ४७ अंश वर. ज्याची खिडकी पूर्वेला, त्याचं काम सोपं. ज्याने जास्तीचे पैसे मोजून समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट घेतला, त्याच्या दिवाणखान्यात सिग्नल यायचा नाही. मग अँटेना स्वयंपाकघराच्या खिडकीत आणि तिथून लांबलचक वायर.

दादरला आमच्या आत्याकडे हा संच होता. अँटेना म्हणजे हाताच्या पंजाएवढी चपटी चौकोनी पाटी. ती खिडकीच्या ग्रिलमध्ये, तुळशीच्या कुंडीशेजारी, सुतळीने बांधलेली. बसवताना एकाने पाटी बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायची आणि दुसऱ्याने संचावरच्या सिग्नलच्या पट्ट्या मोठ्याने सांगायच्या. पट्ट्या भरल्या की पाटीला हात लावायची कुणाला परवानगी नसे. खिडकी पुसतानासुद्धा तेवढा भाग सोडायचा. आत्याने लहानपणी गाणं शिकायला सुरुवात केली होती, ते लग्नानंतर सुटलं. रात्री जेवणं आटोपली की ती गांधर्व लावून बसायची आणि रागाचं नाव कळायच्या आधी स्वतः ओळखायचा प्रयत्न करायची. बरोबर आलं की मान हलवायची, बोलायची काही नाही. त्या वर्गणीचे पैसे वसूल झाले का, असं तिला विचारायचं धाडस मी तरी केलं नसतं.

पुढे समोरच्या दोन मजली चाळीचा पुनर्विकास सुरू झाला. हिशोब सरळ आहे: ४७ अंशांवर समोरची इमारत जेवढी लांब, जवळजवळ तेवढीच ती तुमच्या खिडकीच्या वर चढली की उपग्रह झाकला जातो. पन्नास फुटांवरचं बांधकाम खिडकीपेक्षा पंचावन्न फूट वर गेलं की संपलं. ज्या शहरात दर गल्लीत टॉवर उभा राहतोय, तिथे आकाशावर अवलंबून राहणाऱ्या सेवेची ही मूळची अडचण आहे आणि ती कुठल्याही कंपनीच्या हातात नाही.

अमेरिकेत तर लोक आनंदाने पैसे भरतात. तिथे ते का जमलं?

गाडीमुळे. तिथल्या सॅटेलाइट रेडिओपैकी एक्सएम २००१ मध्ये आणि सिरियस २००२ मध्ये सुरू झालं, जुलै २००८ मध्ये दोन्ही एकत्र आले. तेही बुडायच्या बेतात होते. २००९ च्या सुरुवातीला लिबर्टी मीडियाने कर्ज देऊन सिरियसएक्सएमला वाचवलं. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी वर्ल्डस्पेसकडे नव्हती. नव्या गाड्यांत कारखान्यातूनच संच बसवून येत होता. गाडी घेतली की काही महिने सेवा फुकट, आणि तोवर कानाला सवय लागते. शिवाय शहरांत जमिनीवरचे पूरक प्रक्षेपकही होते. आज तिथे तीन कोटींहून जास्त वर्गणीदार आहेत.

तिथलं अंतरही लक्षात घ्या. चार-चार तास एकसारखा रस्ता, मध्ये गाव नाही आणि मोबाइलचं नेटवर्कही धड नाही. अशा ठिकाणी आकाशातून येणारा रेडिओ खरंच सोबत करतो. आपल्याकडे दहिसर ते अंधेरी जायला तितकाच वेळ लागू शकतो, पण त्या सगळ्या रस्त्यावर नेटवर्क असतं.

मुलगा येताना सिरियसएक्सएमचा संच घेऊन आला तर इथे चालेल?

चालणार नाही. त्यांचे उपग्रह उत्तर अमेरिकेवर रोखलेले आहेत. अ‍ॅपही त्याच प्रदेशापुरतं आहे. आडमार्गाने चालवून देणारे भेटतात, पण ज्या सेवेच्या अटीत आपण बसत नाही तिचे पैसे भरून काय मिळवायचं?

तुमची मुलं तिकडे राहत असतील तर त्यांना मात्र एक सांगा. फुकटचा काळ संपला की आपोआप पूर्ण दराने पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणि बंद करतो म्हणून फोन केला की बऱ्याचदा कमी दर देऊ करतात. म्हणून छापील दर पाहून लगेच हो म्हणू नये.

डीटीएचवर रेडिओची चॅनेलं दिसतात. तोही सॅटेलाइट रेडिओच ना?

तांत्रिकदृष्ट्या हो, कारण आवाज उपग्रहावरूनच येतो. प्रसार भारतीची ‘डीडी फ्री डिश’ ही सेवा २००४ पासून आहे. तिला मासिक वर्गणी नाही. छत्री आणि सेट-टॉप बॉक्स एकदा घेतला की टीव्हीबरोबर आकाशवाणीच्या वेगवेगळ्या भाषांतल्या वाहिन्याही ऐकता येतात. खाजगी डीटीएचवाले संगीताची चॅनेलं वेगळ्या दराने देतात. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही, कारण ऐकण्यासाठी टीव्ही चालू ठेवावा लागतो.

पावसाचा मुद्दा मुंबईकराला वेगळा सांगायला नको. डीटीएच ज्या उच्च वारंवारतेवर चालतं, तिच्या लहरी जोरदार सरीत पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात आणि जुलैतल्या ऐन पावसात पडदा निळा होतो. वर्ल्डस्पेस १.५ गिगाहर्ट्झच्या जरा खालच्या पट्ट्यात होतं. तिथे पावसाचा फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच ‘डीटीएच गेलं, पण आमचा वर्ल्डस्पेस चालू आहे’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नव्हते.

फुकटात काय ऐकायला मिळतं?

खूप, आणि त्यातलं बरंच लोकांना माहीतच नसतं.

मुंबईच्या एफएमवर विविध भारती (१०२.८), एफएम गोल्ड (१००.७) आणि एफएम रेनबो (१०७.१) ही आकाशवाणीची स्टेशनं आहेत. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ पासून सुरू आहे आणि आज देशभर जातो तो तिचा कार्यक्रम आपल्या बोरिवलीतून, गोराईच्या बाजूने तयार होतो. खाजगी स्टेशनंही बरीच आहेत. मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा कम्युनिटी रेडिओ १०७.८ वर आहे.

त्याहून मोठा खजिना म्हणजे प्रसार भारतीचं ‘न्यूजऑनएअर’ अ‍ॅप. आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या त्यात आहेत. मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे, नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सगळं एका ठिकाणी. शास्त्रीय संगीतासाठी ‘रागम्’ ही चोवीस तासांची वाहिनी आहे. वर्ल्डस्पेसच्या गांधर्वसाठी जीव हळहळणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच लावून देतो. निवेदन जरा सरकारी थाटाचं, मध्येच एखादी घोषणा, हे सगळं मान्य. पण आकाशवाणीच्या संग्रहातली मोठमोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणं दुसरीकडे सहज मिळत नाहीत.

मराठी ऐकायचं असेल तर पैसे भरून काही वेगळं मिळतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो.

मुंबईच्या खाजगी एफएमवर मराठी फार कमी आहे. कारण जाहिरातीचं आहे. लिलावात कोट्यवधी रुपये मोजून परवाना घेतलेल्या स्टेशनला जास्तीत जास्त कान हवे असतात, आणि मुंबईत ते हिंदी सिनेमाच्या नव्या गाण्यावर मिळतात. म्हणून नाट्यसंगीत, लोकसंगीत, भावगीतं, श्रुतिका, शेतीची माहिती, बाळगोपाळांचे कार्यक्रम हे सगळं आकाशवाणीवरच उरलं. ‘कामगार सभा’ आणि ‘वनिता मंडळ’ ऐकत गिरणगावातली एक पिढी वाढली. त्या कार्यक्रमांना श्रोता कोण आहे, तो कुठे राहतो, सकाळी कितीच्या पाळीला जातो, हे ठाऊक होतं.

पैसे भरून मिळणाऱ्या संगीत-अ‍ॅपांवर मराठी गाणी भरपूर आहेत, पण ती नुसती गाणी आहेत. कवी कोण, संगीतकार कोण, हे सांगणारा माणूस तिथे नाही. ‘मराठी क्लासिक्स’ नावाच्या यादीत भक्तिगीत, लावणी आणि बडबडगीत एकापाठोपाठ लागतात. गाणी हवी असतील तर अ‍ॅप ठीक आहे; रेडिओ हवा असेल तर आकाशवाणी ऐका. आणि मराठी पॉडकास्ट चांगले निघू लागलेत. त्यातल्या एखाद्याला थेट वर्गणी द्यायची सोय असेल, तर शंभर रुपये तिथे जरूर द्या. माझ्या मते आज रेडिओच्या नावाने खर्च करायची ती सगळ्यात सार्थकी लागणारी जागा आहे.

मग संगीत-अ‍ॅपची वर्गणी घ्यावी की नाही?

रोज तासभर तरी ऐकत असाल आणि जाहिरातींचा खरंच त्रास होत असेल, तर घ्यावी. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन यांचे एका माणसाचे दर साधारण महिना शंभर ते दोनशे रुपयांच्या पट्ट्यात असतात. घरातल्या सगळ्यांसाठी मिळून घेतलेला प्लॅन माणशी स्वस्त पडतो. आठवड्यातून एकदा ऐकणाऱ्याने पैसे भरू नयेत, जाहिराती सहन कराव्यात.

डेटा किती जातो?

भीती वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. ६४ केबीपीएसच्या, म्हणजे साध्या दर्जाच्या, रेडिओला तासाला साधारण २९ एमबी लागतात, १२८ च्या दर्जाला ५८. रोज तीन तास रेडिओ ऐकलात तरी साध्या दर्जात शंभर एमबीच्या आतच. रोजच्या दीड जीबीतून ते कळतही नाही. व्हिडिओ मात्र खातो, म्हणून गाणं ‘ऐकण्यासाठी’ यूट्यूबवर चित्रासकट लावून फोन खिशात टाकायची सवय सोडा.

लोकलमध्ये, मेट्रोत, गाडीत काय चालतं?

लोकलमध्ये सॅटेलाइट रेडिओ कधीच चालला नसता. वर लोखंडी छप्पर, आजूबाजूला माणसं, आकाश कुठून दिसणार? विरारहून चर्चगेटला जाणाऱ्याने रात्री वायफायवर कार्यक्रम उतरवून घ्यावेत. भुयारी मेट्रो ३ साठीही तेच करावं. नेटवर्कच्या भरवशावर बसू नये. सशुल्क अ‍ॅपचा खरा उपयोग इथे आहे, कारण गाणी उतरवून ठेवायची सोय बहुतेक वेळा पैसे भरल्यावरच मिळते. रोज दोन-अडीच तास प्रवासात घालवणाऱ्याला मी या एका कारणासाठी वर्गणी घ्यायला सांगतो.

गाडीत फोन जोडला की झालं. काही नव्या गाड्यांत ‘डीआरएम’ म्हणजे डिजिटल रेडिओ आधीच बसवलेला असतो आणि त्यावर आकाशवाणीचं डिजिटल प्रक्षेपण फुकट मिळतं. तुमच्या गाडीत तो आहे का, ते एकदा शोरूममध्ये विचारा. कित्येकांनी ते बटण कधी दाबूनच पाहिलेलं नसतं.

आई-वडिलांसाठी काय घ्यावं?

आधी त्यांना काय ऐकायला आवडतं ते विचारा, मग वस्तू घ्या. हा क्रम बहुतेक मुलं उलटा करतात.

जुनी गाणीच हवी असतील आणि फोनची कटकट नको असेल, तर आधीच गाणी भरून येणारा सारेगामा कारवांसारखा रेडिओ बरा. पैसे एकदाच, वर्गणी नाही, इंटरनेट नाही, शिवाय एफएम आहे. मराठी गाण्यांचाही मिळतो. बातम्या, भजनं, आकाशवाणी हवी असेल आणि घरी वायफाय असेल, तर आवाजावर चालणारा स्पीकर सोपा पडतो. पण त्याला मराठीतून सांगितलेलं नीट कळतंय का, ते दुकानातच आईला बोलायला लावून पाहा. तुम्ही बोलून पाहू नका. आणि ज्यांची नजर अधू आहे, त्यांच्यासाठी ठळक बटणांचा साधा ट्रान्झिस्टरच सगळ्यात चांगला. स्टेशन लावून ठेवा, आवाजाच्या चकतीवर नखाएवढी चिकटपट्टी लावा, म्हणजे हाताला ती लगेच कळते.

पावसात सगळं बंद पडलं तर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कित्येक भागांत वीज नव्हती, फोन लागत नव्हते. अशा वेळी इंटरनेटवरचा रेडिओ सगळ्यात आधी जातो. म्हणून तुम्ही कितीही वर्गण्या भरा, घरात सेलवर चालणारा एक ट्रान्झिस्टर हवाच. सेल संचाबाहेर, वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर आत फुटून संच खराब करतात.

फोनमधला एफएम रेडिओही इंटरनेटशिवाय चालतो, पण त्याला अँटेना म्हणून वायरवाला हेडफोन लागतो. कंपन्या ही सोय काढून टाकू लागल्या, तेव्हा केंद्र सरकारने २०२३ मध्ये सगळ्या फोनमध्ये ती चालू ठेवण्याची सूचना केली. नवा फोन घेताना विचारा, एफएम आहे का.

वर्गणी भरताना काय सांभाळावं?

वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते, पण पहिले दोन-तीन महिने महिन्याचीच भरा. तेवढ्यात खरी सवय कळते. दोन-तीन वर्षांची एकदम कधीच भरू नका, मग सूट कितीही असो.

अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, तरी दर वेळी कुणीतरी पैसे कापले गेल्यावर येतं. यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ असं सदर असतं. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते आणि तिथूनच बंद करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. तो मेसेज न वाचता पुसू नका.

भारतात सॅटेलाइट रेडिओ पुन्हा आला तर घ्यावा का?

घरात ऐकण्यासाठी घेऊ नका. घरात इंटरनेट आहे आणि समोर टॉवर उभा राहतोय. महामार्गावर गाडी चालवणाऱ्यांसाठी, समुद्रात जाणाऱ्या कोळी बांधवांसाठी, नेटवर्क न पोचणाऱ्या दऱ्याखोऱ्यांतल्या गावांसाठी मात्र तो आजही उपयोगाचा ठरेल, आणि तसा आला तर मी त्याचं मनापासून स्वागत करीन.

मी स्वतः पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहीन. महिन्याच्या वर्गणीवर मिळतो का? गाडीत पूरक प्रक्षेपकांसह चालतो का? आणि चॅनेलवर रोज ठराविक वेळी बोलणारा, आपण काय लावतोय हे समजून लावणारा माणूस आहे का? गाण्यांची यादी यंत्रानेच लावायची असेल, तर ती फोनवर फुकट मिळते. तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असेल आणि त्यात दिवसातून चार तास जरी चांगलं मराठी असेल, तर मी पहिल्याच दिवशी पैसे भरेन.